माणगावच्या तहसील कचेरीसमोरचा पुतळा कुणाचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

माणगावला तहसील कचेरीत कधी ना कधी सगळ्यांना जावं लागतं. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव. कचेरीसमोर एका फौजी जवानाचा पुतळा आहे. लोक त्याच्या आसपास मोटरसायकली लावतात, वकिलाची वाट बघतात, चहा घेतात. कुणाचा पुतळा म्हणून विचारलं तर जुनी माणसं लगेच सांगतात, घाडग्यांचा. तरुण पोरांमध्ये मात्र कुणी कारगिल म्हणतं, कुणी चीनचं युद्ध. आणि हल्ली मोबाईलवर जे फिरतं ते तर विचारूच नका. एका फॉरवर्डमध्ये त्यांनी एकट्यानं पन्नास जर्मन मारले. दुसऱ्यात कुणीतरी लिहितं, इंग्रजांच्या पगारी शिपायाचा कसला पुतळा उभा करता?

दोन्ही वाचून डोकं फिरतं, म्हणून हे लिहायला बसलो.

नाईक यशवंत घाडगे. जन्म नोव्हेंबर १९२१, माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हा आपला जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. नाव बदललं ते १९८१ साली. पलटण म्हणाल तर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांना मरण आलं. वय वर्षं २२. ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं सर्वांत मोठं पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर मिळालं.

त्या दिवशी नेमकं काय झालं, ते सरकारी गॅझेटमध्ये नोंदलेलं आहे. पदक जाहीर झालं नोव्हेंबर १९४४ मध्ये आणि त्यासोबत घटनेची हकिकतही छापली गेली. ती फार मोठी नाही. पण ज्यांना पन्नास जर्मन हवे आहेत त्यांनी ती एकदा समजून घ्यावी.

मराठ्यांच्या एका कंपनीनं शत्रूच्या पक्क्या मोर्चावर हल्ला चढवला. कंपनीत प्लाटून असतात आणि प्लाटूनमध्ये सेक्शन. सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसं, आणि त्यांचा म्होरक्या असतो नाईक. बाहीवर दोन फिती. ऑफिसर नव्हे, सुभेदारही नव्हे. दहा जणांत राहणारा, त्यांच्याबरोबर जेवणारा, त्यांच्यापेक्षा थोडा आधी भरती झालेला माणूस. घाडग्यांचं सेक्शन पुढं सरकत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. बाकीचे सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. अशा वेळी जमिनीला चिकटून पडून राहणं, मागून कुमक येईपर्यंत थांबणं, यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. कुणी जाबही विचारला नसता. मागं आपल्याबरोबर यायला कुणी उरलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, असं गॅझेटच सांगतं. तरी ते टॉमीगन चालवत सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गेले. मग टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. समोर अजून दोघं होते. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्यानं त्या दोघांना मारून टाकलं. नंतर दुसरीकडून नेम धरून बसलेल्या शत्रूच्या बंदूकवाल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या, छातीत आणि पाठीत. एकट्यानं घेतलेल्या त्याच मोर्चात त्यांचा जीव गेला.

म्हणजे चार माणसं. पन्नास नाहीत, वीसही नाहीत. चार. शिवारात काठी फिरवायची सवय असलेल्या माणसालाही विचारा, समोर बंदूकवाली चार माणसं आणि आपण एकटे, म्हणजे काय असतं ते. आकडा फुगवणाऱ्याला खरी हकिकत कमी पडते असं वाटतं, याचंच मला नवल वाटतं.

आता कुणी म्हणेल, एका टेकाडावरची एक मशीनगन, त्यानं युद्धात काय फरक पडला? तर त्यासाठी तेव्हाची इटली बघावी लागेल.

१९४४ च्या मे महिन्यात मॉन्टे कॅसिनो पडलं. ४ जूनला दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं आणि दोनच दिवसांनी, ६ जूनला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीची स्वारी झाली. साऱ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. इटलीतली लढाई वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गेली, पण थांबली नाही. जर्मन फौजा उत्तरेकडं मागं हटत होत्या. त्यांना वेळ हवा होता, कारण उत्तरेच्या डोंगरांत त्यांची पुढची तटबंदी, गॉथिक लाइन, अजून पुरी व्हायची होती. मग त्यांनी पद्धत काढली. प्रत्येक सोंडेवर, प्रत्येक वळणावर थोडी माणसं आणि मशीनगन ठेवायच्या. समोरच्याला दिवसभर अडवायचं, रात्री उठून पुढच्या टेकाडावर जायचं. असा एकेक दिवस ते विकत घेत होते. एक मशीनगन म्हणजे एका पलटणीचा एक दिवस. ती लवकर गप्प करणं हेच तिथलं काम होतं आणि ते काम शेवटी कुठल्या तरी सेक्शनच्या वाट्याला यायचं.

टायबर म्हणजे रोममधून वाहणारी तीच नदी, पण तिचं वरचं खोरं हा डोंगराळ मुलूख. उंब्रिया म्हणतात त्या भागाला. टेकडीच्या माथ्यावर दगडी भिंतींची जुनी गावं आणि खाली अरुंद दऱ्या. तिथं आपली दहावी आणि चौथी अशा दोन भारतीय डिव्हिजन लढत होत्या. घाडग्यांची पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. या डिव्हिजनचा प्रमुख होता मेजर जनरल डेनिस रीड. गंमत अशी की १९४१ साली आफ्रिकेत एरिट्रियामध्ये केरेनची लढाई झाली, तेव्हा याच तिसऱ्या मराठा पलटणीचा कमांडिंग ऑफिसर हाच रीड होता. केरेनचा पिनॅकल नावाचा उभा कडा या पलटणीनं घेतला होता. पुढं रीड शत्रूच्या हाती सापडला, इटलीत कैदेतून निसटला आणि डिव्हिजनचा प्रमुख होऊन परत आला. डोंगरात या पलटणीकडून काय होऊ शकतं हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

पलटणीचा मागचा इतिहासही थोडा सांगतो, कारण तो आपल्या कोकण-देशाच्या घराघरांतून गेलेला आहे. पहिल्या महायुद्धात तिचं नाव होतं ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत नावाच्या गावी तुर्कांनी वेढा घातला, त्यात ती अडकली. घोड्यांचं मांस खायची वेळ आली आणि एप्रिल १९१६ मध्ये सारी शिबंदी शरण गेली. कित्येक जण कैदेतच मेले. दुसऱ्या महायुद्धात केरेन आणि इटली. स्वातंत्र्यानंतर हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाईलला विमानांतून उतरली ती हीच. नाव तीनदा बदललं, पण धागा एकच. आज ज्यांना टांगाईलचा अभिमान आहे, त्यांना टायबरच्या खोऱ्यातल्या यशवंत घाडग्यांना परकं म्हणता येणार नाही, हे माझं म्हणणं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. इंग्रजांचा पगारी शिपाई.

प्रश्न खोटा नाही. तो टाळून नुसते जयजयकार करणारे लेख मी बरेच वाचलेत आणि ते मला पटत नाहीत. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. त्याचा निषेध म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांनी दिला. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'चले जाव' झालं. घाडगे इटलीत होते तेव्हा पलीकडं सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं नुकतीच मेली होती. आणि त्याच उन्हाळ्यात इंफाळ-कोहिमाच्या बाजूला आझाद हिंद सेना इंग्रजांशी लढत होती, म्हणजे भारतीयांसमोर भारतीयच उभे होते. हे सगळं एकाच वेळी घडत होतं. त्यातला एक तुकडा उचलून दुसऱ्याला गद्दार म्हणायचं, हे फेसबुकवर सोपं आहे.

पण मग कोकणातली पोरं भरती का व्हायची? त्या सैन्यात सक्तीची भरती नव्हती. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या घरात भारतीय फौजेत होते आणि कागदावर तरी सगळे स्वेच्छेनं आलेले. कागदावर म्हणतो, कारण पोटाला स्वेच्छा किती असते हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या भागात खोती होती. जमीन कसायची एकानं आणि पिकाचा वाटा न्यायचा खोतानं. याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून पुढं पाच-सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं ते याच परिस्थितीमुळं. अशा मुलखात घरातल्या एका पोरानं मुंबईच्या गिरणीत जायचं आणि एकानं पलटणीत, ही रीतच पडली होती. मनीऑर्डर आली की घर चालायचं. वर पलटणीत गेलेल्याला गावात मान असायचा, तोही काही खोटा नव्हता.

आणि पलटणीत कुणाला घ्यायचं हेही इंग्रजच ठरवायचे. त्यांच्या लेखी काही जाती 'लढाऊ', बाकीच्या नाहीत. मराठा चालायचा. ज्या महार समाजानं पिढ्यान् पिढ्या कंपनीच्या फौजेत शिपाईगिरी केली, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दार बंद झालं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. पुन्हा १९४१ मध्ये युद्ध अंगावर आलं तेव्हा बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागं बाबासाहेबांचा आग्रह होता. ही कथा वेगळी आहे, पुढच्या एखाद्या पोस्टमध्ये लिहीन. सांगायचं एवढंच की त्या काळात फौजेचं दार म्हणजे काय होतं, हे ज्यांना ते बंद होतं त्यांना जास्त कळत होतं.

पदकाचंही तेच. व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला १८५६ साली, पण भारतीय शिपायाला तो मिळू शकत नव्हता. गोऱ्याबरोबर खांद्याला खांदा लावून लढला तरी नाही. ही अट उठली १९११ च्या दिल्ली दरबारात. पहिला मानकरी १९१४ मध्ये बेल्जियमच्या मोर्च्यावर लढलेला खुदादाद खान, आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबचा. आधी हा क्रॉस मेलेल्या माणसाला देतही नसत. मरणोत्तर द्यायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकात. म्हणजे घाडगे पन्नास-साठ वर्षं आधी असेच मेले असते तर भारतीय म्हणून एकदा आणि मेलेले म्हणून दुसऱ्यांदा नापास झाले असते.

इटलीत दोस्तांच्या बाजूनं एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले सहा भारतीय फौजेतल्या जवानांचे. कमल राम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव. यातले घाडगे, थापा आणि गुरुंग तिघे पदक बघायला जगले नाहीत. नामदेव जाधव आपल्या नगर जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, पहिल्या मराठा पलटणीचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठावर त्यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं आणि मग परत जाऊन मशीनगन बंद पाडल्या. ते जगले, घरी आले, १९८४ ला वारले. एकाच रेजिमेंटचे दोन मराठी जवान, एकाच देशातल्या लढाईत, नऊ महिन्यांच्या अंतरानं. दोघांचा जन्मही १९२१ चा. शाळेच्या पुस्तकात मला तरी दोघांपैकी कुणी भेटलं नाही.

त्या इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक उतरले होते. ५,७८२ परतले नाहीत. चाळीस युद्धस्मशानभूमींत त्यांच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. हिंदू-शीख जवानांचं दहन व्हायचं, म्हणून सांग्रो नदीजवळ त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे. यशवंत घाडग्यांचं नाव मात्र तिथं नाही. ते आहे कॅसिनोच्या स्मारकावर. त्या स्मारकावर चार हजारांवर नावं आहेत आणि ती ज्यांच्या शेवटच्या जागेचा पत्ता लागत नाही अशांची आहेत. पदक मिळालं, गॅझेटमध्ये नाव आलं, इकडं पुतळा झाला. पण शेवटी देह कुठं ठेवला ते कुणाला दाखवता येत नाही. पळसगावच्या घरी पदक पोचलं असेल, तेव्हा घरच्यांच्या मनात आधी काय आलं असेल, हे कल्पनेवरच सोडतो.

तीन वर्षं नाही उलटली तोवर देश स्वतंत्र झाला आणि या माणसांची थोडी अडचण होऊन बसली. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत ती बसत नव्हती. नव्या देशाच्या शहिदांतही बसत नव्हती. परमवीर चक्र आलं, त्याचे मानकरी वेगळे. ते योग्यच. पण हे मधले कुणाचे? इंग्रज गेले, त्यांच्या पुस्तकांत ही नावं राहिली. आपल्याकडं रेजिमेंटनं जपली, बेळगावला जपली, माणगावात पुतळा झाला. बाकी महाराष्ट्रात किती जणांना माहीत?

आणि आठवण काढली कुणी? तर इटलीतल्या माणसांनी. उंब्रियात मोंतोने नावाचं डोंगरमाथ्यावरचं छोटं गाव आहे. दहाव्या डिव्हिजननं जुलै १९४४ च्या पहिल्या आठवड्यात जर्मनांकडून सोडवलेलं. त्या गावच्या कम्यूननं, म्हणजे आपल्या नगरपंचायतीसारखं समजा, तिथल्या लष्करी इतिहास अभ्यासणाऱ्या मंडळींबरोबर जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावानं स्मारक उभं केलं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ. भारताच्या राजदूत नीना मल्होत्रा त्या कार्यक्रमाला हजर होत्या. घड्याळावर लॅटिन वाक्य आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. एकूणऐंशी वर्षांनी! ज्या गावासाठी यशवंत घाडगे लढले असं कुणी म्हणू शकेल, ते गाव निदान सापडलं. इंग्रजांसाठी लढले की नाही यावर आपण अजून दहा वर्षं भांडू, पण मोंतोनेच्या लोकांनी त्यांच्यापुरता तो प्रश्न सोडवून टाकलाय.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून आठवते. गॅझेटमध्ये लिहिलंय की सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते सगळे कोण? आठ-नऊ जण. कुणी महाडचा असेल, कुणी खेडचा, कुणी वाई-कोरेगावचा. त्यांना पदक नाही, पुतळा नाही. जखमींतला एखादा वाचला असेल, पेन्शन घेऊन गावी आला असेल, पडवीत बसून विडी ओढत नातवंडांना सांगत असेल आणि नातवंडं ऐकत नसतील.

म्हणून आता मुद्द्याचं. ही पोस्ट वाचणाऱ्यांत माणगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा, तळा, पलीकडं मंडणगड-खेडपर्यंतची मंडळी आहेत. कुणाच्या ना कुणाच्या घरात माळ्यावर एक लोखंडी पेटी असते. तिच्यात आजोबा-पणजोबांचं डिस्चार्ज बुक असतं, रिबनवालं पदक असतं, पेन्शनचा जुना कागद असतो. पदकं बारकाईनं बघा, कडेवर बहुतेक वेळा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्या नंबरावरून पुढं बरंच शोधता येतं. घरातलं कुणी परदेशात मेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. पुष्कळ नोंदींत वडलांचं किंवा बायकोचं नाव आणि गावही सापडतं. इंग्रजी स्पेलिंग तिरपागडं असतं, तेव्हा दोन-चार प्रकारे टाका. जिल्हा लिहिताना 'कुलाबा' टाकायला विसरू नका, रायगड टाकलंत तर काही मिळणार नाही. गावच्या देवळात, चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल, 'या गावातून इतके गेले, इतके मेले' अशी, तर तिच्यावरचा चुना पुसून फोटो काढा. दोन-तीन गावांत जीर्णोद्धार करताना अशा पाट्या फरशीखाली गेल्याचं ऐकलंय.

मूळ कागद आणि पदकं कुणालाही देऊ नका, मलाही नाही. बाजारात त्यांना भाव आहे आणि विचारत फिरणारे येतात. नुसता फोटो आणि माणसाचं नाव, गाव, पलटण एवढं कॉमेंटमध्ये किंवा इनबॉक्समध्ये टाका. १० जुलैच्या आत जेवढी नावं जमतील तेवढी गाववार यादी करून इथंच टाकतो.